ठेका सुटतो तेव्हा : फ्री जॅझचे काही अल्बम

हिंदुस्थानी संगीतावर कान तयार झालेल्या श्रोत्याला फ्री जॅझ, म्हणजे ठरलेल्या चौकटी सोडून मोकळेपणाने वाजवले जाणारे जॅझ, नेमके कुठे जड जाते, हे ठरवल्याशिवाय या प्रकारातल्या अल्बमची शिफारस करण्यात अर्थ नाही. १९५९-६०च्या सुमारास सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनने कॉर्डची (एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरसमूहांची) ठरलेली साखळी बाजूला ठेवली आणि अमेरिकेतल्या जॅझ वर्तुळात खळबळ उडाली. आपल्या रागसंगीतात कॉर्ड मुळातच नाहीत. त्यामुळे सोलापुरात हुतात्मा स्मृती मंदिरात बसून ख्याल ऐकणाऱ्या रसिकाला हा धक्का फारसा जाणवत नाही. त्याला धक्का बसतो तो ठेका सुटल्यावर, सम कुठे आहे हे कळेनासे झाल्यावर. म्हणून येथे अल्बम घेतले आहेत ते प्रसिद्धीच्या क्रमाने नव्हे, तर ठेका किती सुटला आहे त्या क्रमाने.

सुरुवात कोलमनच्या ‘द शेप ऑफ जॅझ टू कम’ (१९५९) या अल्बमपासून करावी. अल्टो सॅक्सोफोनवर कोलमन, कॉर्नेटवर (ट्रम्पेटसारख्या छोट्या वाद्यावर) डॉन चेरी, डबल बासवर चार्ली हेडन आणि ड्रमवर बिली हिगिन्स, पियानो नाही. पियानो नसल्यामुळे सुरावटीखाली कोणता कॉर्ड चालू आहे हे बजावणारे कोणी उरत नाही, आणि वादक सुराला पाहिजे तिकडे नेऊ शकतो. पहिलीच रचना ‘लोनली वुमन’ पुन:पुन्हा ऐकण्याजोगी आहे. हिगिन्स झांजेवर द्रुत लय धरून असतो, हेडनचा बास आपल्या वाटेने चालतो, आणि या लगबगीवर सॅक्सोफोन व कॉर्नेट मात्र विलंबितात, रेंगाळत मुखडा मांडतात. दोघे एकच सुरावट वाजवत असूनही काटेकोर जुळलेले नसतात. एकाचा स्वर दुसऱ्याच्या आधी सुटतो, मागून येऊन मिळतो, आणि त्या फटीतच रचनेचे सारे दु:ख आहे. कोलमन त्या काळात पांढऱ्या प्लॅस्टिकचा सॅक्सोफोन वाजवत असे. त्याचा स्वर ठरलेल्या जागेच्या किंचित वर-खाली जातो, यावरून त्याला बरीच टीका सोसावी लागली. मींड आणि आंदोलन ऐकत वाढलेल्या माणसाला त्या स्वराचे एवढे वावडे का असावे, हे कळत नाही.

ज्या अल्बमवरून या प्रकाराला नाव मिळाले, तो ‘फ्री जॅझ’ २१ डिसेंबर १९६० रोजी ध्वनिमुद्रित झाला. त्यात एकाऐवजी दोन चमू एकाच वेळी वाजवतात. स्टिरिओच्या डाव्या बाजूला कोलमन, चेरी, बासवादक स्कॉट लफारो आणि हिगिन्स. उजव्या बाजूला बास क्लॅरिनेटवर एरिक डॉल्फी, ट्रम्पेटवर फ्रेडी हबर्ड, हेडन आणि ड्रमवर एड ब्लॅकवेल. सुमारे ३७ मिनिटांची ही एकच अखंड रचना तबकडीच्या दोन बाजूंवर तोडून द्यावी लागली होती. मोबाइलच्या स्पीकरवर ती ऐकणे म्हणजे वेळ वाया घालवणे आहे, कारण डावे-उजवे एकमेकांत मिसळले की उरतो तो निव्वळ गलका. हेडफोन लावल्यावर मात्र कळते की एकाचे वादन चालू असताना बाकीचे त्याचे तुकडे उचलून, उलटवून परत देत आहेत, आणि मधूनमधून आधी बांधलेले छोटे तुकडे सर्वांना एकत्र आणत आहेत. शेवटाकडे दोन बासवादक आणि त्यानंतर दोन ड्रमवादक समोरासमोर येतात, तो भाग मला सर्वांत प्रिय आहे. लय अजूनही धरून ठेवलेली असते. आपल्या कानाला हा मोठाच आधार आहे.

तो आधार जॉन कोल्ट्रेनच्या ‘इंटरस्टेलर स्पेस’मध्ये काढून घेतला जातो. फेब्रुवारी १९६७मध्ये, म्हणजे त्याच्या निधनाच्या पाच महिने आधी, हे ध्वनिमुद्रण झाले. ते प्रकाशित व्हायला १९७४ साल उजाडले. फक्त दोघे वादक : टेनर सॅक्सोफोनवर कोल्ट्रेन आणि ड्रमवर रशीद अली. याला जुगलबंदी म्हणावेसे वाटते, पण येथे अली साथीला ठेका देत नाही आणि कोल्ट्रेन समेवर येत नाही. ‘मार्स’ छोट्या घंटांच्या किणकिणाटाने सुरू होते आणि थोड्याच वेळात कोल्ट्रेन मंद्र व तार सप्तकांत आळीपाळीने इतक्या झपाट्याने जातो की दोन वादक एकमेकांना उत्तरे देत आहेत असा भास होतो. ‘व्हीनस’मध्ये अली काठ्यांऐवजी ब्रश वापरतो. नव्या श्रोत्याने आधी हीच रचना ऐकावी. आलाप-जोड आवडणाऱ्याला तिच्यात ओळखीची जागा सापडेल.

टेनर सॅक्सोफोनवादक अल्बर्ट आयलरचा ‘स्पिरिच्युअल युनिटी’ (ध्वनिमुद्रण जुलै १९६४) अर्ध्या तासापेक्षाही लहान आहे आणि माझ्या मते या सर्वांत अवघड व सर्वांत श्रेष्ठ आहे. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागांचा मोजून-मापून चालणारा खटखटाट दिवसभर कानावर असतो. सनी मरेचे ड्रम त्याच्या अगदी उलट टोकाला आहेत. तो मात्रा मोजतच नाही. झांजांचा सलग थरथराट वर तरंगत राहतो आणि त्याखाली गॅरी पीकॉकचा बास स्वतंत्रपणे बोलत असतो. गंमत अशी की यावर आयलर जी ‘घोस्ट्स’ची चाल वाजवतो, ती शाळकरी मुलाला गुणगुणता येईल इतकी साधी आहे. ती साधी चाल तो रुंद, कापऱ्या आवाजात फुगवत नेतो आणि शेवटी तिचा आक्रोश होतो. अल्बममध्ये ‘घोस्ट्स’ दोनदा आहे, आरंभी आणि अखेरीस. एकाच बंदिशीचे दोन विस्तार ऐकण्याची सवय असलेल्यांनी ते लागोपाठ लावून पाहावेत.

कोल्ट्रेनच्या ‘असेन्शन’चा (१९६५) दबदबा मोठा आहे, अकरा वादक त्यात आहेत, हबर्ड येथेही भेटतो. परंतु सामूहिक भागांत वाद्यांची इतकी दाटी होते की कोण कोणाचे ऐकत आहे हे उमगत नाही, आणि मला तरी फ्री जॅझची गोडी त्या ऐकण्यातच वाटते. एकल वादनाचे भाग उत्तम आहेत, तेवढ्यासाठी तो संग्रही असावा. सॅक्सोफोनवादक पीटर ब्रोट्झमनचा ‘मशीन गन’ (१९६८) नावाप्रमाणेच आहे. जर्मनीत आठ वादकांनी केलेला तो भडिमार एकदा अनुभवावा, मात्र शेजारच्या भिंतीपलीकडे कोणी परीक्षेचा अभ्यास करीत नाही याची खात्री करून.