पहिली प्लांटेड टाकी: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आठ महिन्यांपूर्वी मी पहिल्यांदाच जिवंत वनस्पतींची मत्स्यटाकी लावली. टाकी ६० सेंटीमीटर लांब, ३० रुंद आणि ३६ उंच आहे. गुणाकार केला तर जवळजवळ ६५ लिटर होतात; परंतु काचेची जाडी, तळाची माती, दगड आणि वर मोकळी सोडलेली दोन बोटे जागा वजा केली, की प्रत्यक्षात पाणी मावते ते ५० लिटरच्या आसपास. खताचा हिशेब या दुसऱ्या आकड्यावर करायचा असतो, हे मला दुसऱ्या महिन्यात उमगले. पाणी, माती, दगड आणि काच मिळून वजन ८० किलोंच्या घरात जाते. त्यामुळे पुस्तकांच्या मांडणीवर टाकी ठेवण्याचा बेत मी वेळीच सोडला आणि भक्कम, सपाट टेबलावर फोमचा पातळ थर अंथरून तिच्यासाठी जागा केली. अशा बिनचौकटीच्या टाकीखाली फोम हवाच, कारण तळाखाली अडकलेला एखादा खडाही सगळा भार एका बिंदूवर आणू शकतो.

या काळात जे जे बिघडले, त्यातले निम्म्याहून अधिक एकाच कारणाने बिघडले: दिवा गरजेपेक्षा प्रखर होता आणि मी तो गरजेपेक्षा जास्त वेळ लावून ठेवत होते. खरेदीच्या वेळी फिल्टरवर मी चार दिवस विचार केला, मातीवर दोन दिवस, आणि दिवा मात्र जितका जोरकस तितका बरा, अशा समजुतीने उचलला. त्याची फळे पुढे सविस्तर येतील.

तळासाठी भाजलेल्या मातीच्या बारीक गोळ्या वापरल्या, ज्यांना या छंदातली मंडळी नुसते ‘सॉइल’ म्हणतात. ९ लिटरच्या पिशवीत पुढे ४ आणि मागे ७ सेंटीमीटर असा उतार जेमतेम जमला. ही माती धुवायची नसते. धुतली तर गोळे फुटून चिखल होतो. पाणी भरताना मातीवर एक बशी ठेवून तिच्यावर बारीक धार सोडली आणि पाणी बऱ्यापैकी नितळ राहिले. मुळांना अन्न देणे आणि पाणी किंचित आम्लधर्मी ठेवणे ही दोन्ही कामे माती आजही करते आहे. ज्या कोपऱ्यात मी रोपे वारंवार उपटून पुन्हा लावली, तेथे मात्र गोळ्यांचा भुगा झाला असून हात लागला की धूर उठावा तसा गाळ उठतो. म्हणून रोपांच्या जागा आधी कागदावर ठरवाव्यात, हे माझे मत झाले आहे.

नवी सॉइल पहिल्या काही आठवड्यांत स्वतःच अमोनिया सोडते, आणि त्याच अमोनियावर टाकीतले जिवाणू वाढवून घेता येतात. काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात आणि काही नायट्राइटचे नायट्रेट. पहिले दोन माशांना घातक, तिसरे बरेचसे निरुपद्रवी. दोन्ही टप्पे एकटा पार पाडणारा नायट्रोस्पिरा कुळातला जिवाणू २०१५ साली प्रथम नोंदवला गेला, हे वाचताना मला फार गंमत वाटली, पण प्रत्यक्ष टाकीपाशी बसलेल्या माणसाला वाट पाहावी लागते ती लागतेच. जिथून साहित्य घेतले, तेथे ‘बाटलीतले जिवाणू टाका आणि उद्या मासे सोडा’ असे छातीठोकपणे सांगण्यात आले होते. बाटली मी टाकली, पण मासे न सोडता चाचणी संचाने रोज पाणी तपासत राहिले. पाचव्या दिवशी अमोनिया २ पीपीएम (दहा लाख भागांत दोन भाग) होता, बाराव्या दिवशी नायट्राइट दिसू लागले, आणि दोन्ही शून्यावर आले तेव्हा तेहेतिसावा दिवस उजाडला होता. सल्ला ऐकला असता तर मासे नायट्राइटच्या ऐन भरात सापडले असते.

याच संदर्भात पीएचची, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी आहे हे सांगणाऱ्या आकड्याची (कमी आकडा म्हणजे अधिक आम्ल), एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. चाचणीत दिसणारा सगळा अमोनिया सारखा विषारी नसतो. २५ अंश सेल्सिअसला पीएच ७ असेल तर त्यातला सुमारे अर्धा टक्का विषारी रूपात असतो, पीएच ८ झाला की तेच प्रमाण सुमारे ५ टक्क्यांवर जाते. त्यामुळे एकाच आकड्याचा अर्थ दोन टाक्यांत वेगळा होतो. उलट पीएच साडेसहाच्या खाली उतरला तर जिवाणूंचे काम मंदावते, म्हणून मधल्या काळात मी पाणी बदलून तो थोडा वर आणत होते.

वनस्पतींच्या बाबतीत पहिला धक्का नवव्या दिवशी बसला. क्रिप्टोकोरिनची पाने आधी काचेसारखी पारदर्शक झाली आणि मग हाताला बुळबुळीत लागू लागली. रोप मेले असे समजून मी एक उपटले, तर खाली पांढरी, टणक, चांगली बोटभर लांब मुळे होती. रोपवाटिकेत यातल्या पुष्कळशा वनस्पती पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवतात. पाण्याखाली आल्यावर त्यांची जुनी पाने गळतात आणि पाण्यातली नवी फुटतात. उरलेली तीन रोपे मी हात न लावता ठेवली, केवळ सडकी पाने कापली, आणि चौथ्या आठवड्यात मातीतून सुरळीसारखी तपकिरी पाने वर आली. ॲन्युबियासच्या बाबतीत चूक पूर्णपणे माझी होती. त्याचे जाड आडवे खोड मी मुळासारखे मातीत पुरले आणि ते कुजले. दुसरे रोप जेलसारख्या सुपरग्लूने दगडाला चिकटवले; ते आता दर महिन्याला साधारण एक पान देते, यापेक्षा अधिक घाई त्याला ठाऊक नाही.

समोर हिरवी चटई करावी म्हणून आणलेल्या माँटे कार्लोचे मात्र जमले नाही. चिमट्यात चार-पाच काड्या धरायच्या, तिरक्या खुपसायच्या, मातीत असतानाच चिमटा सैल करायचा आणि थरथरवत मागे घ्यायचा, हे तंत्र हाती यायला दोन संध्याकाळी लागल्या, आणि दोन्ही सकाळी निम्म्या काड्या पृष्ठभागावर तरंगताना सापडल्या. ज्या टिकल्या त्या पसरण्याऐवजी वर ताणल्या गेल्या. वेगळा कार्बन डायऑक्साइड न सोडलेल्या पाण्यात तो साधारण २ ते ४ पीपीएम असतो, तर छायाचित्रांतल्या त्या दाट हिरवळी ३० पीपीएमच्या आसपास वाढवलेल्या असतात, हे मला आधी कोणी सांगितले असते तर बरे झाले असते.

आता दिव्याविषयी. सुरुवातीला मी तो सकाळी उठल्यावर लावत असे आणि झोपताना बंद करत असे. मोजले तर दहा-अकरा तास भरत. तिसऱ्या आठवड्यात काचेवर आणि पानांवर तपकिरी पूड धरली. हे डायटम शेवाळ नव्या टाकीत बहुधा येतेच, बोटाने पुसले जाते आणि आपोआप ओसरते, त्यामुळे त्याचा दोष दिव्याला देत नाही. परंतु सहाव्या आठवड्यात मॉस या बारीक पानांच्या झुपकेदार वनस्पतीत शेवाळाचे हिरव्या केसांसारखे धागे शिरले, आणि ते मॉसपासून वेगळे करणे म्हणजे लोकरीच्या गुंत्यातून एकाच रंगाचा दोरा काढणे. मी आधी खत बंद केले, तर झाडेच फिकट पडली. मग पाणी वारंवार बदलले, तरी धागे तसेच. शेवटी टायमर आणला, दिवा सहा तासांवर आणला आणि बटणाने त्याचा जोर निम्मा केला. धागे रोज दात घासायच्या जुन्या ब्रशवर गुंडाळून काढत राहिले, तेव्हा साधारण पाच आठवड्यांत ते आटोक्यात आले.

कारण सरळ आहे. उजेड वाढला की वनस्पतीला कार्बन डायऑक्साइड आणि इतर अन्नही त्याच प्रमाणात लागते. ते न मिळाल्यास तिची वाढ अडते, आणि तो शिल्लक उजेड कमी गरजा असलेले शेवाळ वापरते. कार्बन डायऑक्साइड न सोडता टाकी ठेवायची असेल, तर उजेडाला मर्यादा घालणे हाच खरा उपाय आहे. या सगळ्या सामानात सर्वांत मोलाची वस्तू कोणती असे मला विचारले, तर मी त्या साध्या टायमरचे नाव घेईन. चौथ्या महिन्यापासून मी दिव्याचा काळ आठवड्याला पाव तासाने वाढवत सात तासांवर नेला आहे आणि तेथेच थांबले आहे.

काठावर अडकवायचा फिल्टर तासाला ३०० लिटर पाणी फिरवतो, म्हणजे टाकीतले पाणी तासाला सुमारे सहा वेळा. लहान माशांना हा झोत फार झाला, म्हणून पाणी पडते तेथे स्पंजचा तुकडा लावला. दुसरा स्पंज आत खेचणाऱ्या नळीवर बसवला, अन्यथा कोळंबीची पिल्ले फिल्टरमध्ये जातात. फिल्टरचा स्पंज एकदा घाईत नळाखाली धुतला आणि तीन दिवसांनी नायट्राइट पुन्हा अर्ध्या पीपीएमवर दिसले. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने जिवाणू मारले होते. तेव्हापासून टाकीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीतच तो पिळते. तक्रार एवढीच, की पाण्याची पातळी तीन बोटे उतरली की हा फिल्टर खळखळ आवाज करतो आणि वीज जाऊन आली तर कधीकधी पाणी ओढतच नाही.

हीटरबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. ५० वॉटचा आहे आणि पाणी २५ अंशांवर ठेवतो.

मासे आठ आहेत, एम्बर टेट्रा, जेमतेम २ सेंटीमीटरचे, आणि सोबत सोडलेल्या दहा चेरी कोळंब्यांची संख्या आता मोजण्यापलीकडे गेली आहे. पहिल्याच आठवड्यात एक कोळंबी तळाशी निपचित, फिकट पडलेली दिसली आणि मी हळहळत तिला चिमट्याने उचलले, तर हाती आली ती मिशांसकट पूर्ण, पण आतून रिकामी कात. तिची मालकीण मॉसच्या मागे दडून बसली होती. कात टाकीतच राहू द्यावी, कोळंब्या ती खातात. माशांसाठीच्या काही औषधांत तांबे असते आणि ते कोळंबीला मारक ठरते, त्यामुळे कोणतेही औषध ओतण्याआधी लेबल वाचायचे, हा नियम मी कडक पाळते.

पाचव्या महिन्यात एक उलटा प्रकार घडला. जुनी पाने पिवळी पडू लागली आणि काहींना टाचणीने टोचावीत तशी भोके पडली. नायट्रेट तपासले तर शून्य निघाले. तोवर शून्य म्हणजे उत्तम अशी माझी समजूत होती; वनस्पतींच्या टाकीत मात्र ते १० ते २० पीपीएम असलेले चांगले. जुन्या पानांचा पिवळेपणा नत्राच्या कमतरतेचा आणि भोके बहुधा पोटॅशियमच्या. सर्व घटक असलेले द्रवखत आठवड्यातून दोनदा द्यायला सुरुवात केल्यावर नवी पाने निरोगी आली. भोके पडलेली जुनी पाने भरून येत नाहीत, ती कापावीच लागली. नायट्रेटची चाचणी करताना संचातल्या द्रावणाची दुसरी बाटली अर्धा मिनिट जोराने हलवावी, कारण तिच्यातला घटक तळाशी बसतो आणि न हलवल्यास आकडा खोटा कमी येतो. मी हे शून्य म्हणूनच तीनदा तपासून घेतले.

आता आठवड्याला पाऊण तास लागतो: १५ लिटर पाणी बदलणे, काच पुसणे, थोडी छाटणी. त्यातला बराचसा वेळ टिकलीएवढ्या पानांचे डकवीड गाळणीने काढण्यात जातो. कुठल्याशा रोपाला चिकटून एक पान आले होते. मी ते सुरेख दिसते म्हणून राहू दिले, आणि आज त्याचा शेवटचा ठिपका काढला असे वाटल्यावर दोन दिवसांनी कोपऱ्यात पुन्हा सहा दिसतात. फिल्टरच्या तोंडाशी काळ्या दाढीसारखे शेवाळही धरले आहे. ॲन्युबियासचे एक पान त्यामुळे कापावे लागले. फिल्टरचे झाकण येत्या रविवारी बाहेर काढून ३ टक्क्यांच्या हायड्रोजन पेरॉक्साइडने घासून बघणार आहे.