पावसाळी ट्रेकचा टार्प: पीयू कोटिंग की सिलिकॉन?

टार्पच्या, म्हणजे डोक्यावर ताणायच्या जलरोधक कापडाच्या, लेबलवर 3000 मिमी लिहिलेलं असतं, म्हणजे चाचणीत तेवढ्या उंचीच्या पाण्याचा दाब कापडाने सोसला. नवं असताना हा आकडा पीयू (पॉलीयुरेथेन) कोटिंगचा बहुधा जास्त भरतो. शिवणीवर टेपही कारखान्यातच बसते आणि किंमत आवाक्यातली.

पण पीयूचा खरा शत्रू दमट हवा. ओला टार्प तसाच गुंडाळून माळ्यावर टाकला की हायड्रोलिसिसने, म्हणजे ओलाव्याने लेपाचं रासायनिक विघटन होऊन, लेप चिकट होतो, आंबूस वास मारतो, पुढे पापुद्रे सुटतात. मग लेबलवरच्या आकड्याला काय अर्थ? कोकणात नि घाटमाथ्यावर तर सुकवायलाच ऊन मिळत नाही.

सिलिकॉनला हा रोग नाही. 1200 मिमीचं चांगलं सिलनायलॉन (सिलिकॉनचा लेप दिलेलं नायलॉन) पावसाच्या थेंबांना पुरून उरतं आणि फाटायलाही चिवट असतं. शिवणी मात्र सिलिकॉन सीलंटने आपणच भरायच्या. नेहमीची टेप त्यावर धरत नाही. शिवाय नायलॉन भिजलं की सैल पडतं, रात्री उठून दोऱ्या ताणाव्या लागतात.

डोक्यावर मी सिलिकॉनच घेईन. तंबूच्या तळाला मात्र जाड पीयू बरं: ओल्या जमिनीवर गुडघा टेकला की दाब एकाच जागी येतो, आणि सिलिकॉनवर मॅट घसरते ती वेगळीच.