मेल लावून दिला आणि आंब्याचे पैसे नेले

कोकणात आंबा, काजू, कोकम विकणारे, होमस्टे चालवणारे असे जे कोणी धंद्याचा मेल कॉम्प्युटरवर बघतात, त्यांनी हे शेवटपर्यंत वाचावं. आमच्या घरी यायचे एक लाख ब्याऐंशी हजार चारशे रुपये ज्या वाटेने गेले, ती वाट मला गेल्या हंगामापर्यंत माहीत नव्हती, आणि आमच्या आसपास अजूनही बहुतेकांना माहीत नाही. ओटीपी कोणाला सांगू नका, लिंक उघडू नका, हे सगळ्यांना पाठ आहे. इथे कोणी ओटीपी मागितला नाही. आमच्या बँकेच्या खात्याला तर कोणी हातही लावला नाही.

आमची बाग देवगडजवळ. बागेचं सगळं काका बघतात, हिशेब आणि पत्रव्यवहार माझ्याकडे. गिऱ्हाईक जुनं आहे. बरेच लोक फोनवर सांगतात, पण पुण्यातली एक कंपनी दरवर्षी अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला कर्मचाऱ्यांसाठी पेट्या घेते आणि त्यांचा सगळा व्यवहार मेलवर चालतो. त्यासाठी धंद्याचा जीमेलचा पत्ता वेगळा ठेवलाय. तो फक्त घरातल्या कॉम्प्युटरवर बघायचा, फोनवर घ्यायचा नाही, असा काकांचा नियम. सरमिसळ नको म्हणून.

थंडीत जुना कॉम्प्युटर बंद पडला. नवा आणला, त्यावर थंडरबर्ड टाकला. हा मोझिलाचा मेल बघायचा प्रोग्रॅम, फुकट मिळतो. मी कामानिमित्त कणकवलीला होतो आणि काकांनी वहीत लिहून ठेवलेली फार जुनी सेटिंग्ज बघत स्वतःच खातं जोडायला घेतलं. पासवर्ड बरोबर असून प्रोग्रॅम तो घेईना. पुन्हा पुन्हा तेच, पासवर्ड चुकीचा आहे.

याचं कारण साधं होतं आणि ते कळणं गरजेचं आहे, कारण फसवणूक तिथूनच सुरू झाली. ३० मे २०२२ पासून गूगल वैयक्तिक जीमेल खात्यांसाठी बाहेरच्या मेल प्रोग्रॅममध्ये नेहमीचा पासवर्ड चालू देत नाही. प्रोग्रॅमने गूगलचीच लॉगिनची खिडकी उघडायची, आपण तिथे साइन इन करून परवानगी द्यायची, अशी आताची पद्धत. थंडरबर्डला नाव आणि मेलचा पत्ता दिला की जीमेलचे सर्व्हर तो स्वतः शोधतो आणि ही खिडकीही स्वतःच उघडतो. वहीतल्या सेटिंग्जमध्ये 'साधा पासवर्ड' असं लिहिलेलं होतं, म्हणून सगळं अडलं. हाताने काही भरलंच नसतं तर पाच मिनिटांत मेल सुरू झाला असता.

काकांनी इंटरनेटवर कस्टमर केअरचा नंबर शोधला. सगळ्यात वर एक नंबर आला, त्यावर फोन लावला. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. थंडरबर्डला फोनवरची मदत नाहीच, आणि फुकटच्या जीमेल खात्यासाठी गूगलही फोनवर माणूस देत नाही. त्यामुळे या दोन्हींच्या नावाने जो नंबर सापडेल तो खोटा, यात शंका धरायचं कारण नाही.

समोरचा माणूस हिंदीत, अतिशय शांतपणे बोलत होता. "सर, आपका आयमॅप लायसन्स एक्सपायर हो गया है." आयमॅप ही मेल सर्व्हरवरून आपल्या प्रोग्रॅममध्ये दाखवण्याची एक ठरलेली पद्धत आहे. तिला लायसन्स नसतं, त्यामुळे ते संपतही नाही. पण बागायतदाराला हे कुठून ठाऊक असणार? दोन हजार रुपये आणि अठरा टक्के जीएसटी, एकूण दोन हजार तीनशे साठ. एवढी रक्कम ऐकून कोणाला भीती वाटत नाही, आणि ती तशी वाटू नये म्हणूनच तेवढी ठेवलेली असते. पावतीसुद्धा आली.

मग त्याने दूरवरून कॉम्प्युटर हाताळायचं एक अ‍ॅप घ्यायला लावलं, त्यातला आकडा विचारला आणि माऊस त्याच्या हातात गेला. गूगलचं लॉगिन काकांनी स्वतः केलं, पासवर्डही स्वतःच टाकला, त्याला सांगितला नाही. मेल सुरू झाला. त्यानंतर "अपडेट चल रहा है, कुछ मत छूना" म्हणून स्क्रीन बराच वेळ काळी राहिली. ती काळी स्क्रीन हेच फसवणुकीचं सगळ्यात मोठं चिन्ह. त्या वेळात त्याने ब्राउझरमध्ये, म्हणजे इंटरनेट बघायच्या प्रोग्रॅममध्ये, आमचं जीमेल उघडून काय काय केलं ते आम्हाला वसंत ऋतू उलटताना कळलं.

संध्याकाळी घरी आल्यावर काकांनी कौतुकाने मेल दाखवला. मी ते अ‍ॅप बघून लगेच काढून टाकलं, जीमेलचा पासवर्ड बदलला, बँकेत फोन करून खातं तपासून घेतलं. काका तेव्हाही म्हणत होते, "माका वाटला कंपनीचोच माणूस." बँकेतून एक रुपया गेला नव्हता. जे करायला सांगतात ते सगळं केलं होतं, आणि तेवढं पुरेसं नाही हे सांगण्यासाठीच मी हे लिहितोय.

एप्रिलमध्ये पुण्याच्या कंपनीचा मेल आला. साठ पेट्या, तीन हजार दोनशेचा दर, म्हणजे एक लाख ब्याण्णव हजार. निम्मी रक्कम आधी, निम्मी माल पोचल्यावर. आम्ही बिल पाठवलं, त्यांनी कोणत्या ऑफिसला किती पेट्या हे कळवलं. मग पैशाबद्दल काही येईना. हंगामात मोठ्या कंपन्यांकडून उशीर होतोच, म्हणून आम्ही तोडीच्या आणि पॅकिंगच्या गडबडीत होतो. अढीत आंबा तयार होत आला तेव्हा तिथल्या बाईंचा फोन आला, गाडी कधी निघतेय म्हणून.

"अहो, तुमच्या अ‍ॅडव्हान्सची वाट बघतोय," मी म्हटलं.

"असं कसं? पूर्ण पैसे मंगळवारीच केले की. तुम्हीच नवीन खातं दिलंत ना!"

त्यांनी तो मेल मला पाठवला. आमचंच बिल, आमच्या बागेचं चित्र, भौगोलिक मानांकनाच्या नोंदणीचा आमचाच नंबर. हापूसला २०१८ साली मानांकन मिळाल्यापासून कर्नाटकच्या आंब्यावर देवगडचं नाव टाकून विकणाऱ्यांपासून वेगळं दिसावं म्हणून आम्ही तो नंबर प्रत्येक बिलावर छापतो, आणि तोच वापरून फसवणाऱ्यांनी खोट्या बिलाला वजन आणलं. खाली लिहिलं होतं, जुन्या खात्याचं ऑडिट चालू आहे, या खात्यावर पूर्ण रक्कम आत्ता भरल्यास पाच टक्के सूट. पत्त्यात आमच्या नावात एक 'एन' आहे, तिथे दोन होते. बहुतेक मेल प्रोग्रॅम पाठवणाऱ्याचं नाव ठळक दाखवतात आणि पत्ता बारीक, किंवा दाखवतच नाहीत. त्यामुळे त्या बाईंना मी कसला दोष देऊ?

आमचा मेल फसवणाऱ्यांना कुठून दिसत होता, हे शोधायला मी जीमेल थंडरबर्डमध्ये न उघडता ब्राउझरमध्ये उघडलं. सेटिंग्जमध्ये 'फिल्टर्स' म्हणून एक पान असतं. तिथे आम्ही कधीच न केलेला एक फिल्टर बसलेला होता. मेलमध्ये पेमेंट, इन्व्हॉइस, अ‍ॅडव्हान्स, अकाउंट यातला कोणताही शब्द असेल तर तो इनबॉक्समध्ये आणू नये, वाचलेला म्हणून खूण करावी, आणि एका अनोळखी पत्त्यावर पुढे पाठवावा. एवढंच. बाकीचे मेल नेहमीसारखे येत राहिले, म्हणून आम्हाला काही बंद पडलंय असं वाटलंच नाही. फक्त पैशाचं बोलणं तेवढं त्यांनी मधल्यामध्ये उचललं. कंपनीने "खातं तेच आहे ना, पैसे पाठवतोय" असा मेल केला, तो आम्हाला दिसलाच नाही, आणि त्याला उत्तर दोन 'एन'वाल्या पत्त्यावरून गेलं. आमची जुनी बिलं त्या काळ्या स्क्रीनच्या वेळातच उतरवून घेतली असणार.

पासवर्ड बदलला तरी फिल्टर जात नाही. मेल पुढे पाठवण्याची सूचना गूगलच्या सर्व्हरवर बसलेली असते, तिला पासवर्ड लागत नाही. कॉम्प्युटर फॉरमॅट केला, थंडरबर्ड काढून पुन्हा टाकला तरी ती तशीच राहते.

आणखी एक गोष्ट मला फार लागली. फिल्टरमधून मेल बाहेर जायला लागले की जीमेल ब्राउझरमध्ये वर एक पट्टी दाखवतं, तुमचे काही मेल अमुक पत्त्यावर जात आहेत म्हणून. ही पट्टी पहिला आठवडाभर असते. थंडरबर्डमध्ये ती येत नाही, कारण तिथे फक्त मेल येतात, गूगलचं पान येत नाही. जो फक्त मेल प्रोग्रॅम वापरतो त्याच्यासाठी हा इशारा नसल्यासारखाच. आमच्या कॉम्प्युटरवर त्या आठवड्यात कोणी ब्राउझरमध्ये जीमेल उघडलं असतं तर सगळं तिथेच थांबलं असतं. गायब झालेले मेल मात्र थंडरबर्डमध्येही होते, 'ऑल मेल' या फोल्डरमध्ये, वाचलेले म्हणून. तिथे कोण बघतं?

म्हणून ज्यांनी कोणी कधी अनोळखी माणसाकडून, किंवा बाजारातल्या दुकानातून, मेल जोडून घेतलाय त्यांनी एकदा कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये जीमेल उघडून सेटिंग्जमध्ये जावं. 'फिल्टर्स' बघा, त्याच्याजवळचं 'फॉरवर्डिंग' बघा, आणि 'अकाउंट्स'मध्ये दुसऱ्या कोणाला तुमचा मेल बघायची परवानगी दिलेली आहे का तेही बघा. मग गूगल खात्याच्या सुरक्षेच्या पानावर कोणती उपकरणं आत आहेत, कोणते प्रोग्रॅम जोडलेले आहेत, खातं परत मिळवण्यासाठीचा फोन नंबर तुमचाच आहे का, आणि 'अ‍ॅप पासवर्ड' कोणी बनवून ठेवलाय का, हे तपासा. अ‍ॅप पासवर्ड म्हणजे सोळा अक्षरांची किल्ली. दोन टप्प्यांची पडताळणी चालू असली तरी ती मेल प्रोग्रॅमला आत घेते. गूगलचा मुख्य पासवर्ड बदलला की ती रद्द होते. फिल्टरचं तसं नाही, तो हाताने काढावा लागतो.

पैशाचं पुढे काय झालं ते सांगतो. १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, फोन कंपनीनेच करायचा होता, कारण पैसे त्यांच्या खात्यातून गेले होते. हे आम्हाला तिथल्या लेखापालाने सांगितलं आणि त्याच दिवशी कंपनीने तक्रार नोंदवली. अशा वेळी बँकेचा यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा क्रमांक, हाताशी ठेवावा, सगळ्यात आधी तोच विचारतात. एक्केचाळीस हजार त्या खात्यात रोखले गेले, बाकी पुढे काढून नेले होते. मंगळवारीच कळलं असतं तर बरंच वाचलं असतं, कारण या कामात तासांचा हिशेब असतो. आम्ही आमच्या बाजूने सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर आणि जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला, पोलिसांकडे तक्रार दिली. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ६६ डी, म्हणजे कॉम्प्युटरच्या साहाय्याने दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवणं, हे यात लागतं. रोखलेली रक्कम सोडवायला तेव्हा कोर्टाचा आदेश लागणार होता. उरलेलं नुकसान काकांनी आणि कंपनीने निम्मं निम्मं वाटून घेतलं आणि साठच्या साठ पेट्या काकांनी पाठवल्या. त्यांचा शब्द होता.

माल घेणाऱ्यांसाठीही एक सांगायचंय. आपल्याकडे एनईएफटी आणि आरटीजीएसमध्ये पैसे खाते क्रमांकावर जमा होतात, भरलेलं नाव त्या खात्याशी जुळतं का हे तपासलं जात नसे. रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२५ पर्यंत सगळ्या बँकांना पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दाखवायची सोय द्यायला सांगितलं. ती वापरा. आंब्याच्या बागेचे पैसे भलत्याच माणसाच्या नावावर चालले असतील तर तिथेच दिसेल. आणि खातं बदलल्याचा मेल आला तर त्या मेलमधल्या नंबरवर विचारू नका, आधीपासून तुमच्याकडे असलेल्या नंबरवर फोन करा. आमच्या बिलावर आता ठळक छापलंय, आमचं खातं बदलत नाही, बदललंच तर काका स्वतः फोन करतील.

तो कस्टमर केअरचा नंबर आम्ही 'चक्षू'वर, म्हणजे संचार साथी या सरकारी संकेतस्थळावरच्या तक्रारीच्या सोयीत, कळवला. त्याच्या जागी तशाच शब्दांत दुसरा नंबर वर येऊ लागलाय. देवगड, मालवण, वेंगुर्ले, रत्नागिरी, कुठेही कोणी मेल जोडून घेण्यासाठी असेच दोन-तीन हजार भरले असतील, तर पैसे फार नाहीत म्हणून सोडून देऊ नका. यूपीआयची नोंद आणि ती पावती घेऊन तक्रार द्या. आमच्या पावतीवरचा जीएसटी नंबर पंधरा अक्षरी असायला हवा होता, तो तेरा अक्षरी निघाला. तुमच्या पावतीवर तोच असेल तर तक्रारीत तसं लिहा, म्हणजे पोलिसांना ही प्रकरणं एकमेकांना जोडता येतील.