केडम्पसाठी राखलेली मेमरी : आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्याकडील चाळीसेक लिनक्स सर्व्हरांवर मी गेले आठ महिने केडम्प, म्हणजे कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) कोसळल्यावर मेमरीची प्रत जपणारी सोय, चालवत आहे. त्याआधी कर्नल पॅनिक झाला, म्हणजे न सावरता येणाऱ्या चुकीमुळे कर्नल थांबला, की स्क्रीनवर उरलेल्या ओळींचा मोबाइलने फोटो काढायचा आणि मशीन पुन्हा सुरू करायचे, एवढीच आमची तपासणी असे. शेवटच्या क्षणाच्या नोंदी डिस्कपर्यंत पोहोचतच नसत.

मूळ कल्पना मला पटलेली आहे. बूट होतानाच ‘क्रॅशकर्नल’ पॅरामीटरनुसार मेमरीचा एक सलग तुकडा बाजूला काढला जातो आणि पुढे त्यात दुसरा कर्नल भरून ठेवला जातो. पहिला कोसळला की केएक्झेकमार्फत (चालू कर्नलमधून थेट दुसरा कर्नल सुरू करण्याची सोय), बायोसकडे न जाता, हा दुसरा उठतो आणि पहिल्याची मेमरी जशीच्या तशी उतरवून घेतो. त्याला वेगळी जागा लागते, कारण पहिल्याने सोपवलेले डीएमएचे (प्रोसेसरला मध्ये न घेता थेट मेमरीत लिहिण्या-वाचण्याचे) काम एखादे नेटवर्क कार्ड तेव्हाही करत असू शकते आणि त्याच्या मेमरीत मध्येच काहीही लिहू शकते. अर्थात ही जागा एरवी कर्नलच्या नेहमीच्या कामाला मिळत नाही आणि मेमरीचा हिशेब दाखवणाऱ्या ‘फ्री’ कमांडमधील एकूण आकडाही तेवढ्याने उतरतो.

हा भार सर्वांवर सारखा पडत नाही. रेड हॅट एंटरप्रायझ लिनक्स 9 मध्ये राखीव जागा आपोआप ठरवणारा ‘ऑटो’ हा पर्याय राहिला नाही. 64 बिट इंटेल व एएमडी मशीनसाठी 4 जीबीपर्यंतच्या मेमरीला 192 एमबी, 64 जीबीपर्यंत 256 एमबी आणि त्यापुढे 512 एमबी असे आकडे ठरलेले आहेत. 128 जीबीच्या सर्व्हरला 512 एमबी जाणवतही नाहीत, पण 2 जीबीच्या व्हर्च्युअल मशीनची नऊ टक्क्यांहून अधिक मेमरी जाते. अशा लहान मशीनवरून मी केडम्प काढूनच टाकले.

एक चूक मात्र महागात पडली. 16 जीबीच्या सर्व्हरवर 256 एमबी राखून, सिसआरक्यूने (कर्नलला थेट आदेश देण्याची सोय) मुद्दाम पॅनिक घडवून मी चाचणी घेतली, तेव्हा डम्प, म्हणजे मेमरीची प्रत, स्थानिक डिस्कवर व्यवस्थित उतरला. नंतर डम्पचे ठिकाण एनएफएसवर (नेटवर्कवरील सामायिक डिस्क) हलवले, पण चाचणी पुन्हा घेतली नाही. खरा पॅनिक आला तेव्हा नेटवर्क ड्रायव्हर आणि फुगलेला इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला मेमरीत उघडणारी छोटी फाइल सिस्टिम) यांना ती जागा अपुरी पडली, मेमरी संपल्यावर प्रोसेस मारणारा ओओएम किलर जागा झाला आणि डम्प हातचा गेला. आता तिथे 384 एमबी आहेत. ‘केडम्पसीटीएल एस्टिमेट’ ही कमांड किती जागा लागेल याचा अंदाज देते, तरी ठिकाण, ड्रायव्हर किंवा कर्नल बदलला की मी मशीन एकदा पाडून पाहतोच. शिवाय आकडा वाढवायला रीबूट लागतो. भरून ठेवलेला दुसरा कर्नल आधी मेमरीतून काढून चालू मशीनवर करता येते ती फक्त कपात.

सहाव्या महिन्यात त्याच सर्व्हरवर पुन्हा पॅनिक झाला. डम्प गाळून लहान करणाऱ्या मेकडम्पफाइलने 31 ही पातळी लावून रिकामी पाने, कॅशे आणि वापरकर्त्याची पाने गाळली, त्यामुळे 16 जीबीची फाइल 900 एमबीवर आली. डम्प वाचण्याच्या ‘क्रॅश’ या साधनातील बॅकट्रेसने (कोसळण्याआधी कोणती फंक्शने चालू होती त्याची साखळी) बाहेरून बसवलेल्या एका स्टोरेज मॉड्यूलकडे पंधरा मिनिटांत बोट दाखवले. मात्र त्याआधी दोन तास गेले ते नेमक्या त्याच कर्नलचे डिबगइन्फो पॅकेज (डम्पचा अर्थ लावायला लागणारी माहिती) शोधण्यात, कारण ते आधीच उतरवून ठेवायचे मला सुचले नव्हते.