समोर बसून विचारावं की लेखी तक्रार करावी?

मैत्रिणीला ॲलर्जी असलेलंच औषध दिलं गेलं. केसपेपरवर लाल शाईत लिहिलेलं असूनही. ती आता बरी आहे, पण डॉक्टरांना समोर बसून विचारू की तक्रार अर्ज देऊ, यात अडकली आहे.

वेळेचं म्हणाल तर भेट एका दुपारची; अर्जाचं उत्तर कधी येईल याचा नेम नाही.

मनाची तयारी मात्र भेटीलाच जास्त लागते. आवाज कापतो, मुद्दे विसरतात. तारखा आणि तीनच प्रश्न कागदावर लिहून न्यावेत, सोबत कुणीतरी असावं. अर्ज शांतपणे चार वेळा खोडून लिहिता येतो.

आणि माफी? ती समोरासमोरच मिळते, मिळालीच तर. ‘तुम्हाला त्रास झाला, वाईट वाटतं’ आणि ‘चूक आमची झाली’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिलं वाक्य फुकटचं. माफी मागितली की खटले वाढतात, ही भीती जुनी आहे. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयांनी 2001 पासून चुका स्वतःहून सांगायला सुरुवात केली, तिथे खटले उलट कमी झाले.

पुरावा हवा तर अर्जच. बोललेलं हवेत विरतं.

नेमकं काय घडलं हे कळून मन हलकं करायचं असेल, त्याच डॉक्टरांकडे पुढेही जायचं असेल, तर भेट घ्यावी. भरपाई हवी असेल, इजा कायमची असेल किंवा भेटीत उडवाउडवी झाली असेल, तर अर्ज. कागदपत्रांच्या प्रती मात्र दोन्हींच्या आधी मागून ठेवाव्यात.