लोड बॅलन्सरच्या लॅबसाठी व्हर्च्युअलबॉक्स: कुठे जमते, कुठे अडते

लोड बॅलन्सर म्हणजे येणाऱ्या विनंत्या अनेक सर्व्हरवर वाटणारे मशीन. ते काम करणारा एचएप्रॉक्सी आणि एक बंद पडला की दुसऱ्याकडे ताबा देणारा कीपअलाइव्हडी शिकायला व्हर्च्युअलबॉक्स, म्हणजे एका संगणकात अनेक आभासी मशीन चालवणारे सॉफ्टवेअर, पुरतो का? पुरतो, आणि एक पैसाही न मोजता. फक्त त्याचे डिफॉल्ट नेटवर्क या कामाचे नाही. लोड बॅलन्सर चालत नाही म्हणून लोक कॉन्फिग फाइल उलटीपालटी करत बसतात, तेव्हा घोडे बहुतेक वेळा या नेटवर्कवरच अडलेले असते.

नवीन मशीन बनवले की पहिले अडॅप्टर नॅटवर असते, म्हणजे होस्टच्या (तुमच्या मूळ संगणकाच्या) आडून बाहेर जाते. या मोडमध्ये प्रत्येक मशीनला स्वतःचे वेगळे खाजगी नेटवर्क मिळते, आणि सगळ्यांचा पत्ता एकच असतो, १०.०.२.१५. गेटवे १०.०.२.२. त्यामुळे एका मशीनवरून दुसऱ्याला पिंग केला तर उत्तर येते, पण ते स्वतःचेच असते! नॅट ठेवायचा तो पॅकेजेस उतरवण्यापुरता. लॅबचा ट्रॅफिक त्यावरून न्यायचा नाही.

चांगली बसणारी मांडणी पाच मशीनची आहे: दोन लोड बॅलन्सर, दोन वेब सर्व्हर, एक क्लायंट. डेस्कटॉपशिवाय डेबियन टाकले तर प्रत्येकी १ जीबी रॅम भरपूर झाली. होस्टला १६ जीबी असेल तर निवांत चालते, ८ जीबीत ओढाताण होते. क्लायंटची बाजू होस्ट-ओन्ली नेटवर्कवर (फक्त होस्ट आणि मशीन यांच्यातले), १९२.१६८.५६.०/२४. वेब सर्व्हरची बाजू इंटर्नल नेटवर्कवर, समजा १०.१०.१०.०/२४. लोड बॅलन्सरचे पाय दोन्हीकडे. व्हीआयपी (ताबा असलेल्या लोड बॅलन्सरकडे राहणारा सामाईक पत्ता) १९२.१६८.५६.५० घ्या, कारण होस्ट-ओन्लीचा डीएचसीपी (आपोआप पत्ते देणारी सेवा) १०१ ते २५४ हे पत्ते वाटतो आणि त्यात व्हीआयपी सापडला की आज ना उद्या टक्कर होणार. लिनक्स किंवा मॅक होस्टवर वेगळी रेंज हवी असेल तर व्हर्च्युअलबॉक्स ६.१.२८ पासून १९२.१६८.५६.०/२१ च्या बाहेरचा पत्ता सरळ नाकारला जातो. हवी ती रेंज ईटीसीतल्या व्हीबॉक्स फोल्डरमध्ये नेटवर्क्स डॉट कॉन्फ या फाइलमध्ये लिहावी लागते.

इंटर्नल नेटवर्क ही या सॉफ्टवेअरची सर्वांत उजवी बाजू. होस्टसुद्धा त्यात डोकावत नाही, म्हणून बॅकएंड (मागची वेब सर्व्हरची बाजू) खरोखर वेगळा राहतो. पण नाव तंतोतंत जुळले पाहिजे. एका मशीनवर नाव थोडे जरी वेगळे पडले तरी दुसरे स्वतंत्र नेटवर्क तयार होते, आणि एररही येत नाही.

आता सर्वांत फसवा दोष. व्हर्च्युअलबॉक्सवरच्या लिनक्समध्ये पहिले अडॅप्टर ईएनपी०एस३ आणि दुसरे ईएनपी०एस८ या नावाने दिसते. कीपअलाइव्हडीच्या कॉन्फिगमध्ये सवयीने पहिले नाव लिहिले, की व्हीआरआरपीच्या (ताबा कुणाकडे हे ठरवणाऱ्या प्रोटोकॉलच्या) जाहिराती नॅटमध्ये जातात आणि दुसऱ्या लोड बॅलन्सरपर्यंत पोहोचतच नाहीत. दोघेही स्वतःला मास्टर (ताबा असलेला) म्हणवतात. गंमत अशी की व्हीआयपीला पिंग लागतो! लिनक्स डिफॉल्टने कुठल्याही इंटरफेसवरच्या स्वतःच्या पत्त्यासाठी कुठल्याही इंटरफेसवर एआरपीचे ('हा आयपी कुणाचा?' या विचारणेचे) उत्तर देतो. दोघेही उत्तर देतात, ज्याचे उत्तर विचारणाऱ्याच्या टेबलमध्ये बसले तो जिंकतो. म्हणून पिंगवर विसंबू नका. दोन्ही मशीनवर पत्त्यांची यादी काढा. व्हीआयपी दोन्हीकडे दिसला तर जाहिराती अडल्या आहेत हे नक्की. टीसीपीडम्प (पॅकेट्स दाखवणारे साधन) ईएनपी०एस८ वर लावून २२४.०.०.१८ कडे दर सेकंदाला पॅकेट जाते का ते पाहा. इंटरफेस बरोबर असूनही दोन मास्टर होत असतील तर फायरवॉल पाहा. व्हीआरआरपी टीसीपी नाही, यूडीपीही नाही, तो स्वतंत्र प्रोटोकॉल आहे, क्रमांक ११२. पोर्ट उघडून भागत नाही, प्रोटोकॉललाच परवानगी द्यावी लागते.

वेब सर्व्हरवर नॅट अडॅप्टर तसेच राहू देणे ही दुसरी नेहमीची चूक. एचएप्रॉक्सी स्वतः नवे कनेक्शन उघडतो, उत्तर त्याच्याच बॅकएंड पत्त्याकडे येते, म्हणून तिथे निभावते. एलव्हीएस (लिनक्स कर्नलमधला लोड बॅलन्सर) त्याच्या नॅट मोडमध्ये लावला की मात्र कोलमडते. वेब सर्व्हरचा डिफॉल्ट रूट १०.०.२.२ कडे असतो, सिन (जोडणीची मागणी) आत येतो, सिन-अ‍ॅक (तिचे उत्तर) भलत्याच दारातून बाहेर जातो आणि क्लायंट वाट पाहत राहतो. पॅकेजेस टाकून झाली की ते अडॅप्टर बंद करा आणि डिफॉल्ट रूट लोड बॅलन्सरच्या आतल्या पत्त्यावर वळवा.

५०३ (सेवा उपलब्ध नाही) आला तर एचएप्रॉक्सीचे स्टॅट्स पान आधी उघडा. एल४टीओयूटी म्हणजे उत्तरच नाही: चुकीचे नेटवर्क किंवा गपचूप पॅकेट टाकणारी फायरवॉल. एल४सीओएन म्हणजे जोडणी तिथल्या तिथे नाकारली गेली, बहुधा वेब सर्व्हर सुरू नाही. फायरवॉलडी मात्र पॅकेट नाकारताना असा संदेश पाठवतो की 'नो रूट टू होस्ट' दिसते. रूट ठीक असतो, पोर्ट बंद असतो. दुय्यम लोड बॅलन्सरवर एचएप्रॉक्सी सुरूच होत नसेल तर व्हीआयपी अजून त्याच्याकडे नाही म्हणून बाइंड (त्या पत्त्यावर ऐकायला बसणे) अडले आहे. कर्नलचे आयपी नॉनलोकल बाइंड १ करा.

क्लोन करताना नवे मॅक (नेटवर्क कार्डाचे) पत्ते घेण्याचा पर्याय निवडा. उबुंटूमध्ये तेवढ्याने भागत नाही. डीएचसीपीची ओळख मशीन-आयडीवरून बनते, म्हणून मॅक वेगळे असूनही क्लोनना एकच आयपी मिळतो. लॅबमध्ये सगळे पत्ते स्टॅटिक ठेवलेले बरे.

फेलओव्हर (ताबा दुसऱ्याकडे जाणे) तपासायला व्हर्च्युअलबॉक्ससारखी सोय नाही: मशीन चालू असताना अडॅप्टरची केबल काढता येते. प्रायॉरिटी १०० असलेला बॅकअप आणि दोन जाहिरातींमध्ये १ सेकंदाचे अंतर धरले तर ताबा घ्यायला साधारण ३.६ सेकंद लागतात: तीन चुकलेल्या जाहिराती, वर २५६ वजा १००, म्हणजे १५६ भागिले २५६. सर्व्हिस नीट बंद केली तर जाणारा मास्टर शून्य प्रायॉरिटीची जाहिरात पाठवतो आणि काम ०.६ सेकंदात होते. दोन्ही मोजून पाहा, प्रोटोकॉल अंगवळणी पडतो. निकट्रेस हा पर्यायही सोडू नका. तो अडॅप्टरवरची पॅकेट्स थेट होस्टवरच्या पीकॅप फाइलमध्ये लिहितो, वायरशार्कमध्ये उघडता येतात. काम झाले की बंद करा, फाइल फुगत जाते.

उणी बाजू म्हणजे वायफायवरचे ब्रिज्ड (मशीन थेट बाहेरच्या नेटवर्कला जोडणे). बरीच वायरलेस कार्डे एकापेक्षा जास्त मॅक पत्ते नीट हाताळत नाहीत, त्यामुळे व्हीआयपी एका मशीनवरून दुसऱ्यावर गेला तरी बाहेरच्यांना कळेलच असे नाही. कीपअलाइव्हडीमध्ये व्हर्च्युअल मॅक वापरायचा असेल तर होस्ट-ओन्लीवरही प्रॉमिस्क्युअस मोड (दुसऱ्या मॅक पत्त्याची पॅकेट्सही घेण्याची मुभा) 'डिनाय' वरून बदलावा लागतो. विंडोज होस्टवर मशीनच्या खिडकीत खाली हिरवे कासव दिसले तर मशीन हायपर-व्हीच्या (विंडोजच्या स्वतःच्या आभासी मशीनच्या व्यवस्थेच्या) आधाराने चालते आहे. मग ते मध्येच अडखळते, आणि तीन-साडेतीन सेकंदांची अडखळ म्हणजे विनाकारण फेलओव्हर. आणि गेस्टमधून (आभासी मशीनमधून) १९२.१६८.५६.१ ला पिंग लागला नाही तर नेटवर्क तुटले असे लगेच समजू नका, विंडोजची फायरवॉल तो अडवत असते.

सेकंदाला किती विनंत्या पेलतात हे मोजायला हा बेंच घेऊ नका. पाचही मशीन एकाच प्रोसेसरवर झगडतात, आकड्याला अर्थ राहत नाही. एफ५ बिग-आयपी या व्यावसायिक लोड बॅलन्सरची व्हर्च्युअल एडिशन शिकायची असेल तर आभासी मशीन चालवणारे केव्हीएम किंवा ईएसएक्सआय घ्या, त्यांच्या अधिकृत यादीत व्हर्च्युअलबॉक्स नाही.