आर्काइव्हची चाळणी आणि नियतकालिकाचे परीक्षण

शोधनिबंध वाचकांपुढे येण्याआधी तो कोणी आणि किती तपासावा, याची दोन उत्तरे आज शेजारी शेजारी नांदत आहेत. पॉल गिन्स्पार्ग यांनी १९९१ मध्ये अमेरिकेतील लॉस अलामॉस येथे सुरू केलेल्या आर्काइव्ह (arXiv) या, परीक्षणाची वाट न पाहता शोधनिबंध सर्वांना खुले करणाऱ्या ऑनलाइन संग्रहावर विषयतज्ज्ञ नियंत्रक स्वेच्छेने काम करतात. लेख त्या शाखेत बसतो का आणि तो अभ्यासपूर्वक लिहिला आहे का, हे ते पाहतात, सिद्धतेची ओळन्‌ओळ तपासत नाहीत. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुपारी २ पर्यंत आलेला लेख, हरकत नसेल तर, बहुधा त्याच रात्री ८ वाजता जाहीर होतो, म्हणजे मुंबईतील संशोधकाला तो सकाळच्या चहाबरोबर वाचता येतो.

नियतकालिकात हाच लेख बहुधा निनावी परीक्षकांकडे जातो आणि गणितासारख्या विषयात निर्णयाला वर्षही लागते. हा विलंब जाचक असला, तरी एखाद्या परीक्षकाने दाखवलेली चुकीची पायरी लेखकाची अब्रू वाचवते, हे मान्य केलेच पाहिजे.

तरीही माझा कल आर्काइव्हकडे आहे. गणितज्ञ ग्रिगोरी पेरेलमन यांनी प्वांकारे अनुमान या सुमारे शतकभर न सुटलेल्या कोड्यावरील आपले लेख २००२ आणि २००३ मध्ये तेथेच ठेवले, नियतकालिकाकडे पाठवलेच नाहीत. पुढे जगभरच्या गणितज्ञांनी ते काही वर्षे खपून तपासले. वैद्यकातील निष्कर्षांना मात्र मी ही मोकळीक देणार नाही, कारण तेथे चुकीची किंमत रुग्ण मोजतो.